तळव्याचा अडथळा

सोमवार, ३ नोव्हेंबर

ही वही मॅडमनी दिली. म्हणाल्या, "इथे काम करणारा प्रत्येक जण आज काय केलं ते लिहून ठेवतो. तूही लिही." मी म्हटलं, माझी शाळा सातवीत सुटली आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तर म्हणाल्या, "कोंबडीला वाचता आलं की झालं."

कामाची वही वेगळी आहे, ती त्या तपासतात. ही माझी. हिच्यात कोणी डोकावणार नाही, म्हणून इथे खरं लिहायचं ठरवलंय.

काम असं. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. एका खोलीत मॅडम, एका खोलीत चष्मेवाला (तो आकड्यांचा माणूस, आकड्यांशिवाय बोलत नाही), तिसऱ्या खोलीत मी, एक खुर्ची, एक स्टूल आणि जेवणाच्या डब्याएवढं मशीन. माणूस येतो, मोजा काढतो, पाय स्टुलावर ठेवतो. मी तळवा स्पिरिटने पुसतो, जेल लावलेल्या दोन पट्ट्या चिकटवतो, वायर जोडतो, बटण दाबतो. इतकी बारीक वीज जाते की मुंगी चावल्याएवढंही कळत नाही. कातडी त्या विजेला किती अडवते तो आकडा मशीनवर येतो. इथे सगळे त्याला अडथळाच म्हणतात.

अडथळा का मोजायचा तेही मॅडमनी सांगितलं. साखरेच्या आजारात पायाच्या नसा मरत जातात. आधी मरतात त्या घाम आणणाऱ्या बारीक नसा. घाम गेला की कातडी कोरडी, आणि कोरडी कातडी विजेला जास्त अडवते. पाय बधिर होतो तो नंतर. म्हणजे माणसाला कळायच्या आधी मशीनला कळलं पाहिजे. आजारी पाय हॉस्पिटलमधली नर्स मोजते. निरोगी पाय माझ्याकडे. दीडशे हवेत.

आणि एक नियम. पट्टी लावली की दहा मिनिटं थांबायचं, मगच बटण. जेल कातडीत मुरायला वेळ लागतो, तोवर आकडा खाली उतरत असतो. मॅडम म्हणाल्या, "जिना उतरणाऱ्या माणसाचा फोटो काढून तो कितव्या मजल्यावर राहतो हे सांगशील का?"

मी म्हटलं, नाही सांगणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दहा मिनिटं म्हणजे किती असतात हे ज्याने परक्या माणसाच्या उघड्या पायासमोर बसून काढलीत त्यालाच माहीत. ट्रकवर होतो तेव्हा आठ-आठ तास जायचे, पण ट्रक तरी चालू असायचा. इथे काहीच चालू नसतं. भिंतीवर एक खिळा आहे. त्याच्यावर काही टांगलेलं नाही.

तीन मिनिटांपर्यंत लोक हवापाण्याचं बोलतात. चौथ्या मिनिटाला घरावर येतात. गेटवरचा वॉचमन म्हणाला, लग्न का नाही केलंस, पगार कमी आहे की तोंड? आम्ही हसलो. वहीतला पहिला पाय त्याचा, आधीचे दिवस सरावाचे होते; हसण्यात पाचव्या मिनिटालाच बटण दाबलं. मग शेजारच्या शिलाई कारखान्यातली एक बाई आली, माझ्या आईच्या वयाची.

"घरी कोण कोण असतं रे बाळा?"

"आई. ताईचं लग्न झालं."

"आणि वडील?"

"नाहीत."

"अरे रे. कधी गेले? तू होतास ना जवळ?"

मी बटण दाबलं. आकडा आला ९६. म्हटलं, झालं मावशी, मोजा घाला. घड्याळात पाहिलं तर चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. वेळेच्या रकान्यात दहा लिहिलं. आभाळ काही कोसळलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत बावीस माणसं! हात असा बसलाय की पूस, चिकटव, जोड, दाब, पुढचा. चष्मेवाला म्हणाला, "तू तर यंत्रच आहेस." इथे यंत्र म्हणजे मोठीच स्तुती.

मॅडम दारात आल्या. वहीची पानं चाळली. "नऊला सुरू केलंस ना?"

"हो, नऊला."

"बावीस?"

"बावीस."

वही मिटून ठेवली. दुपारी माझ्या टेबलावर एक लहान घड्याळ आणून ठेवलं, स्वयंपाकघरात अंडी उकडताना लावतात तसलं. पिळलं की टिकटिक करतं आणि दहा मिनिटांनी ठणाणा. मला राग आला. मी काय शाळेतला पोर आहे? ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. काकांना द्यावं म्हटलं, तर काका म्हणाले, "भात शिजलाय हे मला घड्याळ सांगणार? वासाने कळतं."

काका म्हणजे माझ्या खोलीतले. नात्याचे नाहीत. तळमजल्यावरच्या कँटीनचे आचारी आहेत, पंचावन्न वर्षांचे. मी या शहरात आलो त्या दिवशी कँटीनमध्ये जेवलो आणि विचारलं, इथे कुठे पाठ टेकायला जागा मिळेल का. ते म्हणाले, घोरणं चालत असेल तर माझ्याकडे आहे. तेव्हापासून आहे. घोरणं भांडी घासल्यासारखं आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दीडशे पूर्ण. सांगितलेल्या मुदतीच्या आठ दिवस आधी.

चष्मेवाल्याने सगळे आकडे पडद्यावर मांडले. निरोगी लोकांचे हिरवे ठिपके, आजाऱ्यांचे लाल. त्याला वाटलं होतं हिरवे खाली, लाल वर, मध्ये मोकळी जागा. तसं झालेलं नाही. हिरवे ऐंशीपासून एकशे पस्तीसपर्यंत पसरलेत आणि लाल नव्वदपासूनच सुरू होतात. नुसती गर्दी. तो डोकं खाजवत होता. "निरोगी माणसांचे पाय इतके कोरडे कसे? थंडीमुळे असेल." शेवटी त्याने एकशे चाळीसवर रेघ मारली. रेघेच्या खाली चांगला पाय, वर वाईट.

मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग माझ्या टेबलाकडे. त्यांनी घड्याळ ठेवलं होतं त्या रिकाम्या जागेकडे. का ते कळलं नाही.

जाताना म्हणाल्या, "मशीन अजून शिकतंय. त्याच्यावरून कोणालाही पाय चांगला की वाईट सांगायचं नाही. पंधरा डिसेंबरला तीन दवाखान्यांत जाईल, तेव्हा बघू."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी काका कँटीनमध्ये पोचले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. मी म्हटलं, "काका, एक चप्पल रस्त्याला दान केलीत?" त्यांनी खाली बघितलं आणि पायाकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्याचा आहे. जिन्यात सापडली. भांडी घासणाऱ्या बाया दिवसभर त्यांना "एकचप्पल" म्हणत होत्या.

पण दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "हल्ली कापसावर चालल्यासारखं वाटतं रे. बारा वर्षं साखर आहे. सोमवारी सुट्टी टाकून डॉक्टरकडे जावं म्हणतो. मालक कुरकुरतोय."

मी म्हटलं, "डॉक्टरला काय करायचंय? आपल्याकडे मशीन आहे की."

जेवणाच्या सुट्टीत मॅडम आणि चष्मेवाला दोघं बाहेर गेले होते. काकांना वर नेलं. आपला माणूस, म्हणून सगळं जसंच्या तसं केलं. तळवा दोनदा पुसला, पट्ट्या सरळ लावल्या, ड्रॉवरमधलं घड्याळ काढून पिळलं आणि पूर्ण दहा मिनिटं थांबलो. कंटाळा आला नाही. काका पूर्ण वेळ बोलत होते, मालक मीठ कसं मोजून देतो त्यावर.

आकडा ११८. रेघ १४०. खाली! चांगलाच खाली.

"काका, पाय ठणठणीत आहे. धावायची शर्यत लावा."

"नक्की?"

"मशीन खोटं बोलत नाही."

त्यांनी डॉक्टरचा बेत रद्द केला. संध्याकाळी माझ्या ताटात सगळंच दुप्पट होतं. लाख सांगितलं तरी वाढत राहिले.

मंगळवार, ९ डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

कँटीनच्या ओट्याखालून गरम पाण्याचा पाइप जातो. थंडी वाढल्यापासून काका भाज्या चिरताना चप्पल काढून टाच त्याला टेकवून उभे राहतात. काल दुपारीही उभे होते, कांदे चिरत. एक बाई म्हणाली, कसला वास येतोय, काय करपलं? सगळ्यांनी शेगड्या बघितल्या. शेगड्यांवर काही नव्हतं. मग तिने खाली बघितलं.

मोजा टाचेला चिकटला होता. काका म्हणत होते, "अरे, काय झालं? सगळे का ओरडताय?"

हॉस्पिटलमध्ये मीच नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिने काकांना डोळे मिटायला सांगितले आणि एका काडीला लावलेली नायलॉनची तार तळव्याला टेकवत गेली. "आता कळतंय? आता?" काका प्रत्येक वेळी "हो" म्हणत होते. मग तिने तार उचलली, हात मागे घेतला आणि नुसतं विचारलं, "आता?"

काका म्हणाले, "हो, हो. आता जास्त."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"निदान वर्षभर तरी या पायांना काही कळत नाहीये," ती म्हणाली. "कापसावर चालल्यासारखं वाटत असणार. आधी का नाही आलात?"

काका म्हणाले, "येणारच होतो. राहून गेलं."

माझं नाव घेतलं नाही. मी तिथेच उभा होतो.

जखम खोल आहे. करंगळीपण काळी पडलीय, तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. पाय किती ठेवता येईल ते पंधरा दिवसांत कळेल, म्हणाली. किती ठेवता येईल! जसा काही पाय कापडाचा तागा आहे.

बुधवार, १० डिसेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो. डोक्यात एकच, मशीन भिकार आहे. मॅडमच्या टेबलावर आपटायचं आणि म्हणायचं, घ्या तुमचा डबा.

आपटायच्या आधी म्हटलं, एकदा स्वतःच्या पायाला लावून बघू. खोटं पकडून देऊ. दीडशे पाय मोजले, स्वतःचा कधी मोजला नव्हता. बसलो. पट्ट्या लावल्या. बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिलो आणि आकडे कागदावर लिहीत गेलो.

तीन मिनिटांनी १०४.
पाच मिनिटांनी ८१.
आठला ६३.
दहाला ५५.

बारा मिनिटं झाली तरी बसूनच होतो. आकडा ५४.

पाय तोच. चालता-फिरता चांगला पाय. तिसऱ्या मिनिटाला विचारलं तर अर्धा आजारी, दहाव्या मिनिटाला निरोगी. माझ्या वहीतली दीडशे माणसं तिसऱ्या मिनिटाची आहेत. नर्सची सगळी दहाव्या मिनिटाची. म्हणून गर्दी झाली. म्हणून रेघ एकशे चाळीसवर गेली. नीट मोजलं असतं तर ती ऐंशीच्या आसपास असती आणि काकांचे एकशे अठरा तिच्या कितीतरी वर.

सगळ्यात वाईट हे, की काकांसाठी मी पूर्ण दहा मिनिटं थांबलो. त्यांनाही इतरांसारखं तीन मिनिटांत उरकलं असतं तर आकडा दीडशेच्या पुढे गेला असता, मशीन वाईट म्हणालं असतं आणि ते सोमवारी डॉक्टरकडे गेले असते. ज्या एका माणसाचं नीट केलं तोच सापडला.

मॅडम आल्या. "आज लवकर?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. दिवसभर पट्ट्यांचे खोके लावत बसलो.

गुरुवार, ११ डिसेंबर

ट्रकवरच्या जुन्या दोस्ताचा फोन. बंदरावर क्रेनखाली माणूस हवाय, खाऊनपिऊन, सोमवारपासून. "तू कुठे सहा महिने टिकणार आहेस? ये की." रविवारची गाडी आहे. पिशवी भरायला पाच मिनिटं लागली. मला निघायची सवय आहे.

सोमवारी मशीनं दवाखान्यांत जाणार. कोणीतरी काकांसारखा तिथे येईल, कापसावर चालतोय म्हणेल. दवाखान्यातली नर्स नियमाने दहा मिनिटं थांबेल. आकडा एकशे अठरा येईल. ती हसून म्हणेल, पाय ठणठणीत.

संध्याकाळी हॉस्पिटलला गेलो. काका उशीला टेकून बसले होते, शेजारच्या पेशंटला हॉस्पिटलचा भात का गिचका होतो ते समजावत होते. मी स्टुलावर बसलो. सांगून टाकावं म्हणून आलो होतो.

"काका, ते मशीन..."

"मशीनला काय शिव्या घालतोस? नवीन आहे. मी पहिल्या वर्षी किती पातेली करपवली विचार."

"मशीनचं नाही. माझं चुकलं."

सगळं सांगितलं. बावीस माणसं, ड्रॉवरमधलं घड्याळ, तीन मिनिटं. ते ऐकत राहिले. चादरीची घडी बोटांनी सपाट करत होते.

"मॅडमना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस? माझं तर होऊन गेलं."

मग भिंतीकडे तोंड करून झोपले. जाताना मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला. बघितला नाही त्यांनी.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सांगितलं. उभ्या उभ्या, दार बंद करून. माझ्या पायाचे आकडे लिहिलेला कागद पुढे केला. मॅडमनी वाचला, उलटा करून बघितला, पुन्हा वाचला.

"कितीजणांचं असं केलंस?"

"सगळ्यांचं."

"सगळ्यांचं म्हणजे?"

"काकांचं सोडून."

काका कोण, तेही सांगावं लागलं. तेव्हा मात्र त्या उठून खिडकीशी गेल्या. चष्मेवाला ऐकून आत आला आणि जे सुरू झाला ते मी लिहीत नाही, त्यातलं सगळं बरोबर होतं. महिना वाया, दवाखान्यांना काय तोंड दाखवायचं, याला आत्ताच्या आत्ता हाकला.

मॅडम खिडकीशीच उभ्या राहून म्हणाल्या, "बावीस माणसं साडेतीन तासांत होत नाहीत, हे तुलाही मोजता येत होतं." हे चष्मेवाल्याला म्हणाल्या, मला नाही. त्याने चष्मा काढून पुसला. "आणि मलाही."

मग माझ्याकडे वळल्या. "सोमवारी मशीनं कुठेही जाणार नाहीत. यादी तुझ्याकडे आहे. दीडशे माणसं. प्रत्येकाकडे जायचं आणि सांगायचं, तुमचं मी चुकीचं मोजलं, पुन्हा या. मशीन बिघडलं होतं, असलं काही सांगायचं नाही. जमेल?"

मी म्हटलं, लोक शिव्या देतील.

"देऊ देत."

हॉस्पिटलमधल्या काकांच्या बेडजवळ त्या स्वतः गेल्या होत्या म्हणे. काय बोलल्या ते काकांनी मला सांगितलं नाही. पण आज त्यांनी पाणी मागितलं. पिशवी रिकामी केली आणि दोस्ताला फोन करून नाही म्हटलं. तो म्हणाला, तब्येत बरी आहे ना?

बुधवार, ७ जानेवारी

त्र्याऐंशी झाले. घड्याळ टेबलावर असतं.

वॉचमन म्हणाला, "चुकलं म्हणून सांगायला आलेला पहिलाच माणूस बघतोय. आता लग्न होईल तुझं." शिलाई कारखान्यातल्या मावशी पहिल्यांदा यायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, मागच्या वेळी मला ढकलूनच दिलंस की. तीनदा गेलो. आज आल्या. पाय स्टुलावर ठेवला. चार मिनिटं झाली, पाच झाली. त्या काहीच विचारेनात.

शेवटी मीच म्हटलं, "मावशी, तुम्ही विचारलं होतंत ना. वडील गेले तेव्हा मी जवळ नव्हतो. दोन दिवस त्यांच्या खाटेशी बसलो होतो. तिसऱ्या दिवशी बसवेना, म्हणून फिरून येतो म्हटलं."

"किती वेळ?"

"तासभर."

त्यांनी मान हलवली. नंतर मुलाचं सांगत राहिल्या, तो पंखे दुरुस्त करतो आणि घरचाच पंखा बंद आहे. घड्याळ वाजलं तेव्हा दोघंही दचकलो.

आकडा ४९.

शनिवार, २४ जानेवारी

एकशे त्रेचाळीस. सात जण शहर सोडून गेले, त्यांच्या नावापुढे तसं लिहिलं. चष्मेवाल्याने पुन्हा ठिपके मांडले. हिरवे खाली, लाल वर, मधे दोन बोटं मोकळी जागा. त्याने ७८ वर रेघ मारली आणि मला चहा आणून दिला. साखर घालायला विसरला होता. मी प्यालो.

काकांना सोडलंय. करंगळी गेली, टाच भरून येतेय. पाय राहिला. डॉक्टरीण म्हणाली, आणखी चार-सहा दिवस उशीर झाला असता तर राहिला नसता. आज त्यांना वर आणलं, या वेळी मॅडमसमोर. उजवा पाय मोजला. घड्याळ पिळलं. दहा मिनिटं तिघंही बसलो होतो. काका मॅडमना मिठाचं सांगत होते.

आकडा १२१.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं काम माझं होतं.

"वाईट आहे, काका. हाही पाय वाईट आहे. याचीपण काळजी घ्यायला लागणार."

"नक्की?"

"नक्की."

 मग मोजा घालता घालता म्हणाले, "म्हणजे मशीन बरं झालं म्हणायचं."

सोमवार, २६ जानेवारी

डॉक्टरीण म्हणाली, यांना कळत नाही तर दुसऱ्या कोणीतरी रोज तळवे बघायचे. कामावरून आल्यावर बघतो. काका म्हणतात, पायाला नजर लागेल. मी म्हणतो, गप्प बसा, दुसरा पाय द्या. दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, टाच. काही नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

बघितले. काही नाही.

बुधवार, २८ जानेवारी

बघितले. काही नाही. मॅडमनी विचारलं, पुढच्या तीनशे माणसांचं काम घेशील का. घेतो म्हटलं.

गुरुवार, २९ जानेवारी

आज उजव्या मोज्यातून खडा निघाला, मसुराएवढा. तळव्यावर त्याचा खोल वळ उठला होता, कातडी फुटली नव्हती. पुसलं, मलम लावलं.

"कधीपासून होता रे?" काकांनी विचारलं.

"वळ बघता सकाळपासून असणार."

त्यांनी खडा तळहातावर घेऊन उलटसुलट करून बघितला.

"पण एवढं बघ," म्हणाले, "दिवसभरात एकदाही लंगडलो नाही."